काचेआडचं शंखजिरं

विवेकने मेश्राम सरांना फसवलं. पैशांत नाही. पैशांत फसवलं असतं तर मी त्याच्या दारात बसून वसूल केलं असतं. त्याने सरांकडून त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तू घेतल्या, शाळेतली मुलं त्या हातात घेतील असं कबूल केलं, आणि नंतर त्या काचेच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. कबूल केलं ते माझ्या दुकानात, माझ्या काउंटरसमोर उभं राहून. सौदा मी ठरवला होता. म्हणून हे मीच लिहायला पाहिजे.

विवेक आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात नेपियर टाउनमधल्या एका खाजगी शाळेचा डायरेक्टर आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. माझं दुकान त्याच शहरात, ओमतीला आहे. शाळांच्या प्रयोगशाळांना लागणारं सामान मी विकते: टेस्ट ट्यूब, बीकर, लोहचुंबक, भिंगं, स्पिरिटचे दिवे. याच धंद्यात दुसऱ्याच्या दुकानात काचसामान पेंढ्यात बांधायच्या कामापासून मी सुरुवात केली. त्यामुळे कोणता माणूस माल घेणारा आहे आणि कोणता नुसता हात लावून जाणारा, हे मला दारातच कळतं. मेश्राम सरांच्या बाबतीत तेवढं कळलं नाही, कारण ते दोन्ही होते.

ते आले की आधी हातातली पिशवी काउंटरवर ठेवत. खाकी जाड कापडाची, तोंडाला नाडी असलेली. मग चष्मा कपाळावर चढवत आणि एकेक वस्तू उचलून बघत. लोहचुंबक टाचण्यांच्या डबीत बुडवून बघितल्याशिवाय घेत नसत. भिंग उन्हात धरून कागदावर ठिपका पाडत, माझ्या बिलबुकाला त्यांच्यामुळे पडलेली भोकं आहेत. आणि घासाघीस करायची वेळ आली की म्हणत, "माल चांगला आहे वं सुनंदा तुझा."

"सर, घेणाऱ्यानं असं बोलायचं नसतं. मग भाव कसा उतरंल?"

"पण चांगला आहे ना. खोटं कसा बोलू?"

अशा माणसाशी भांडायची सोय नाही. मी चिडायची आणि स्वतःच भाव कमी करून टाकायची. टवका उडालेला प्रिझम मी बाजूला काढून ठेवला होता, तो त्यांनी शोधून काढला. मी म्हटलं, हा कोणी घेत नाही. ते म्हणाले, "टवका प्रिझमला आहे. वर्णपटाला थोडीच आहे?" आणि दारातल्या उन्हात धरून माझ्या पांढऱ्या भिंतीवर सात रंग पाडून दाखवले. रस्त्यावरचा चहावाला आत येऊन बघून गेला.

सर सरकारी हिंदी शाळेत विज्ञान शिकवायचे. वडील भंडाऱ्याकडून इथल्या कारखान्यात कामाला आले होते, त्यामुळे घरात वऱ्हाडी-नागपुरी मराठी आणि बाहेर सगळी हिंदी. आमच्या सगळ्यांच्याच घरची ही गोष्ट. माझी मुलगी प्रज्ञा इंग्रजी शाळेत, बाहेर हिंदी बोलायची, आणि मी मराठीत ओरडले की समजायची पण उत्तर हिंदीत द्यायची. अशा मुलांचं विज्ञानात काय होतं ते सरांना पक्कं ठाऊक होतं. घरात मराठी पुस्तक वाचणारा आजोबा सांगतो, क्षार म्हणजे मिठासारखा पदार्थ. हिंदी शाळेतले गुरुजी सांगतात, क्षार म्हणजे आम्लाच्या उलटा, साबणासारखा बुळबुळीत. आजोबा पेशी म्हणतो तेव्हा त्याला शरीराचा अगदी बारीक, सूक्ष्मदर्शकात दिसणारा कण म्हणायचा असतो. हिंदीत पेशी म्हटली की मुलगा दंड फुगवून दाखवतो. दोघेही बरोबर, आणि मधल्या मधे मुलगा नापास.

सरांचा उपाय साधा होता. त्यांच्या वर्गात शब्द आधी यायचाच नाही. आधी पिशवी यायची. मुलाने डोळे मिटून पिशवीत हात घालायचा, एक वस्तू धरायची आणि ती कशी लागते ते घरच्या भाषेत सांगायचं. खडबडीत आहे, गार आहे, बोटाला पीठ लागून राहिलं, हलकीच आहे. सर घाई करत नसत. मुलगा "दगड आहे" म्हणाला तर म्हणत, "दगड तर मलाबी दिसून राहिला. तुझा हात काय म्हणतो ते सांग." सगळं सांगून झालं की वस्तू बाहेर निघायची आणि मग तिला नाव मिळायचं. एक नाही, तीन: घरचं, शाळेचं आणि परीक्षेचं इंग्रजी. जुन्या चादरीच्या पट्टीवर ही तिन्ही नावं त्या मुलानेच न धुतल्या जाणाऱ्या शाईने लिहायची आणि पट्टी वस्तूला बांधायची. ज्याने हाताने ओळखली त्याचं अक्षर त्या वस्तूवर. त्यांच्या घरी बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते, त्यांत अशा बांधलेल्या वस्तू भरलेल्या. अभ्रक, तुरटी, गंधक, कोळसा, काळा बेसाल्ट, नर्मदेतला गोटा, सापाची कात, बेडकाचा सांगाडा, लंबकाचा गोळा. प्रज्ञा संध्याकाळी त्यांच्या घरी शिकायला जायची, तिचं अक्षर तुरटीवर होतं. तिचं मराठी लिहिणं म्हणजे नुसता गोंधळ, पण "तुरटी" तिने अगदी बरोबर लिहिलं होतं.

हळदीचा डाग पडलेला एक रुमाल ते खास जपत. त्यावर साबणाचं पाणी टाकायचं, डाग लाल. लिंबू पिळायचं, परत पिवळा. "याला आम्लारी म्हणा, क्षार म्हणा, बेस म्हणा," ते सांगत. "हळद तुमची भाषा विचारत नाही. ती लाल होऊन मोकळी होते."

त्यांचा राग मी एकदाच पाहिला, आणि तो माझ्यावर होता. सर मुलांना नर्मदेवर, संगमरवराच्या कड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भेडाघाटला घेऊन गेले होते. मुली होत्या म्हणून सोबतीला मला बोलावलं. धबधबा बघून परत येताना दोन्ही बाजूंना मूर्त्यांची दुकानं. मी एक लहानसा पांढरा हत्ती उचलला. दुकानदार म्हणाला, "असली संगमरमर है, दीदी. यहीं का."

सरांनी तो माझ्या हातातून घेतला, हत्तीच्या पोटाखाली हळूच नख ओढलं आणि मुलांसमोर धरला. नखाला पांढरी पूड आली होती. ते मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "संगमरवरावर नख चालत नाही. हे शंखजिरं आहे. कॅरमवर टाकता ना तुम्ही, तेच. इतका मऊ दगड दुसरा नाही."

मला दुसरं काय पाहिजे होतं? मी चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने म्हटलं, "भैया, ये तो घिया पत्थर है. संगमरमर का भाव किसको लगा रहे हो?" गिऱ्हाइकं हातातल्या मूर्त्या खाली ठेवायला लागली. दुकानदाराचा चेहरा उतरला आणि भाव त्याच्याही खाली उतरला. मी हत्ती घेतला आणि खूष होऊन जीपकडे निघाले.

सर मागे थांबले होते. जवळ येऊन म्हणाले, "काहून असं केलं वं, सुनंदा?"

"खोटं बोलून राहिला होता तो."

"मग त्याला हळू सांगायचं. शब्द मी काय लोकांच्या डोक्यात मारायला शिकवून राहिलो?"

मग ते मुलांना घेऊन परत त्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी सांगितलेली पूर्ण किंमत त्याला दिली आणि म्हणाले, "अब इन बच्चों को इसका सही नाम बताइए. और दिखाइए, बनाते कैसे हैं."  त्या माणसाने कानस काढली, दगडाचा एक तुकडा घेतला आणि मुलांना पान कोरून दाखवलं. हा दगड कुठून येतो, ओला असताना कसा कापतात, कोणता तुकडा फुटतो, सगळं सांगितलं. निघताना मुलींच्या ओंजळीत चुरा दिला. त्याने तो दगड तेव्हापासून खऱ्या नावाने विकला की नाही मला माहीत नाही. मी भाव बरोबर पाडला होता असं मला अजूनही वाटतं. पण हत्ती माझ्याकडे राहिला नाही. सरांनी तो मागून घेतला आणि डब्यात टाकला. पुढे प्रत्येक नव्या मुलाच्या एका हातात तो हत्ती आणि दुसऱ्या हातात खऱ्या संगमरवराचा तुकडा यायचा. "नख ओढ," सर म्हणायचे. "मी सांगतो म्हणून मानू नको. नख ओढ." इतक्या नखांनी त्या हत्तीचं पोट पार खपाटीला गेलं होतं.

निवृत्तीनंतर सर घराच्या ओसरीत शिकवत राहिले. मग गुडघे गेले. मुलगी नागपूरला, ती रोज फोन करायची, बाबा इकडे या. सर टाळत होते, कारण एकच: डबे. एकदा माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून म्हणाले, "मी गेल्यावर हे भंगारात जाईल. मला त्याचं वाईट नाही वाटत, दगड कुठंबी राहतो. पण जिथं पोरं हात लावतील अशा जागी गेलं तर बरं होईल."

त्याच दिवसांत विवेक शाळेचं सामान घ्यायला आला. सर स्टुलावर बसलेले. त्याने त्यांना बघितलं आणि दुकानात सगळ्यांसमोर वाकून पाया पडला. तो त्यांचा विद्यार्थी. त्या पिशवीत त्यानेही हात घातलेला. सरांचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. डब्यांचं बोलणं निघालं. विवेक लगेच म्हणाला, "सर, हमारे यहाँ दीजिए. पूरा कमरा दूँगा."

मी मधे पडले. दुसऱ्याचा सौदा होत असताना मला गप्प बसवत नाही. मी म्हटलं, पैसे सरांना नकोत, पण अटी आहेत. मुलं वस्तू हातात घेतील. पट्ट्या तशाच राहतील. फुटलं तुटलं तर भरून मी देईन, माझ्या दुकानातून, फुकट. आणि शनिवारी सर येतील.

विवेक हसला. "अरे दीदी, ये भी कोई कहने की बात है? बच्चे छुएँगे नहीं तो क्या पूजा करेंगे?"

मी बिलबुक उघडलं, पेन काढलं. मी कोणाशीही लिहून घेतल्याशिवाय ठरवत नाही, सख्ख्या भावाशीसुद्धा नाही. सरांनी माझ्या बिलबुकावर हात ठेवला.

"राहू दे वं. पोरगं आताच पाया पडलं ना. आता कागद मागितला तर त्याला काय वाटंल?"

इथे आमचा घात झाला. आमच्याकडे हे असंच आहे. ज्याने चारचौघांत गुरूच्या पायाला हात लावला, त्याच्याकडून गुरू सही घेत नाही. ते केलं तर त्याचं वाकणं खोटं होतं असं म्हटल्यासारखं होतं. विवेकला हे माहीत होतं की नाही, ते तोच जाणे. पण त्या दिवशी त्याच्या वाकण्याने माझं पेन बंद झालं, आणि माझं पेन असं कधी बंद होत नाही.

उद्घाटनाला मी आणि सर गेलो. खोली खरंच मोठी होती. भिंतीला लागून काचेची कपाटं, आत पांढरे दिवे, पुढे लाल दोरी. दारावर पाटी: विज्ञान कक्ष, आणि पुढे 'परिकल्पना', म्हणजे ही कल्पना कोणाची, तर विवेकचं पूर्ण नाव. सरांचं नाव शोधायला मी खाली वाकले. खालीही नव्हतं. चादरीच्या पट्ट्या काढून टाकल्या होत्या आणि प्रत्येक वस्तूसमोर छापील इंग्रजी कार्ड होतं. मुलं रांगेत पुढे सरकत होती, हात पाठीमागे बांधून. तसं त्यांना सांगितलेलं होतं.

हत्ती मधल्या फळीवर, एकदम दिव्याखाली. त्याच्यासमोर कार्ड, त्यावर इंग्रजीत: शुद्ध संगमरवर, भेडाघाट.

मी एकदम सरांकडे बघितलं. त्यांनी वाचलं होतं. ते दोरीच्या आत गेले आणि कपाटाच्या कडीला हात घातला. गार्ड धावत आला. "बाबूजी, हाथ मत लगाइए. साहब ने मना किया है."

सर म्हणाले, "भैया, वो संगमरमर नहीं है."

"वो हमको नहीं पता. हाथ मत लगाइए."

त्या गार्डचा काय दोष? त्याला कोणी पिशवीत हात घालायला सांगितलं नव्हतं. माझा संताप झाला तो दुसऱ्या गोष्टीने. ते कार्ड खोटं आहे हे ओळखायला सर लागत नाहीत, पुस्तक लागत नाही. नख लागतं, आणि ते त्या रांगेतल्या प्रत्येक मुलाकडे होतं. नख आणि दगड यांच्या मधे विवेकने काच घातली. आता ती शाळा सांगेल ते खरं.

दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या ऑफिसात गेले. त्याने चहा मागवला. मी घेतला नाही.

"दीदी, आप समझिए," तो म्हणाला. "पेरेंट्स देखने आते हैं. पहले सब चिथड़ों में बँधा हुआ था, कबाड़ी की दुकान लगती थी. और बच्चे तो तोड़ देंगे."

"टूटेगा तो मैं दूँगी. यही तय हुआ था."

"हाँ, बात हुई थी."

"बच्चे छुएँगे, ये भी तय हुआ था. आपने कहा था, पूजा करेंगे क्या."

तो खुर्चीत मागे रेलला. चिडला नाही, आवाजही चढवला नाही. "कहीं लिखा है क्या, दीदी?"

जो कागद त्याच्याकडे मागायची सरांना लाज वाटली होती, तो कागद त्याने माझ्याकडे मागितला. मी टेबलावर हात आपटला. बाहेरची दोन माणसं आत आली. पट्ट्या कुठे आहेत, मी विचारलं. मुलांच्या अक्षरातल्या पट्ट्या. त्याने त्या माणसांकडे बघितलं, त्यांनी एकमेकांकडे. कोणाला माहीत नव्हतं. म्हणजे फेकल्या. मी म्हटलं, कमीत कमी हत्तीचं कार्ड बदल, त्यावर खोटं लिहिलंय हे तुला माहीत आहे. तो म्हणाला, प्रिंटरवाल्याला सांगतो. त्याला आता वर्ष होऊन गेलं. या आठवड्यात शाळेत नव्या मुलांच्या प्रवेशाचा दिवस होता, मी पालक असल्यासारखी आत जाऊन बघून आले. कार्ड तेच आहे.

मी सरांनाही बोलले. तुम्ही काहून भांडले नाही, तुम्ही मला लिहू काहून नाही दिलं. ते स्टुलावर बसले होते. एवढंच म्हणाले, "त्यानं लहानपणी गंधक हातात धरलं होतं. नाक दाबून पळाला नव्हता. बाकीचे पळाले होते." त्यांना अजून त्याच्यात तोच मुलगा दिसत होता, आणि याचा मला विवेकच्या कुलुपाइतकाच राग आला.

पुढच्या महिन्यात सर मुलीकडे नागपूरला गेले. आता फोनवर बोलणं होतं. धंदा कसा आहे, प्रज्ञा काय करून राहिली, ओमतीचा रस्ता खोदला तो बुजवला का, सगळं विचारतात. डब्यांचं विचारत नाहीत. रिकामी पिशवी सोबत नेली आहे, असं त्यांची मुलगी म्हणाली.

मला ते आठवतात ते उद्घाटनाच्या दिवशीचे, खोलीतून निघतानाचे. गार्डने दोरी परत लावली होती. सर दोरीच्या अलीकडून वाकले, हात लांब केला आणि हत्तीसमोरच्या काचेवर तळवा ठेवला. नखाने एकदा काच खरवडली. काचेवर काही उमटलं नाही. मग ते माझा हात धरून, पायरी बघत बघत खाली उतरले. मी मागे वळून बघितलं. गार्ड फडक्याने त्यांच्या पंजाचा ठसा पुसत होता.

विवेक, हे तुझ्यापर्यंत पोचेल अशी मी व्यवस्था करणार आहे. लिहिलेलं कुठे आहे विचारत होतास, हे घे, आता लिहिलं आहे. मला खुलासा नको, चहा नको, प्रिंटरवाल्याचा निरोप नको. तू त्या पिशवीत हात घातला होतास. तुझ्या शाळेतल्या मुलांना रांगेत उभं कर आणि त्यांच्यासमोर सांग, तो हत्ती कशाचा आहे. सांगता येत नसेल तर कुलूप काढ, त्यांचं त्यांना कळेल. दोन्हीतलं एक तुला करावं लागेल, आणि ते होईपर्यंत प्रवेशाच्या प्रत्येक दिवशी मी तुझ्या फाटकात उभी राहून येणाऱ्या प्रत्येक आईबापाला सांगणार आहे: आत एक पांढरा हत्ती आहे, त्याला हात लावू देतात का ते आधी विचारा.